यकृतात झेरॅनॉलचा पीक दिसतोय. नमुना पॉझिटिव्ह धरायचा का?

परीक्षानळी

गुरांचे स्नायू आणि यकृत यांतल्या हार्मोन अवशेषांसाठी एलसी-एमएस/एमएस (संयुगं कॉलमवर वेगळी करून मग रेणू आणि त्याचे तुकडे वस्तुमानाने ओळखणारी) पद्धत बसवणं चालू आहे. यादीत ट्रेनबोलोन, झेरॅनॉल (वाढीसाठी दिलं जाणारं हार्मोन), मेलेंजेस्ट्रॉल ॲसिटेट, डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्राडायॉल आहेत.

सध्याची पद्धत: ५ ग्रॅम दळलेला नमुना, त्यात ड्युटेरियमवाले इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी घातलेली, जड हायड्रोजन लावलेली तीच संयुगं). १० मि.लि. ॲसिटेट बफर (०.२ मोलर, पीएच ५.२), हेलिक्स पोमॅशिया गोगलगायीपासूनचं एन्झाइम, ३७ अंश सेल्सियसवर रात्रभर. मग टर्शरी-ब्युटाइल मिथाइल इथरने दोनदा अर्क, हेक्झेनने चरबी काढून सी-१८ कार्ट्रिज, नायट्रोजनखाली ४० अंशांवर कोरडं, आणि २०० मायक्रोलिटर मिथेनॉल-पाण्यात (१:१) विरघळवून इंजेक्शन. कॉलम सी-१८, १०० × २.१ मि.मी., १.७ मायक्रॉन. मोबाइल फेजमध्ये ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड, ८ मिनिटांचा ग्रेडियंट, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकाच रनमध्ये.

अडचणी:

१. एकाच लॉटच्या काही यकृतांत झेरॅनॉल ०.२ मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या आसपास येतं. ३२१ → २७७ आणि ३२१ → ३०३ ही दोन्ही ट्रान्झिशन (मूळ आयन → त्याचा तुकडा) दिसतात, रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायची वेळ) स्टँडर्डशी जुळतो. स्नायूत काही नाही.

२. इस्ट्राडायॉल १ मायक्रोग्रॅम प्रति किलोच्या स्पाइकलाही (मुद्दाम घातलेल्या मात्रेलाही) जेमतेम दिसतं. इंटर्नल स्टँडर्डही तितकंच खाली जातं, त्यामुळे हिशेबाने रिकव्हरी ठीक निघते, पण सिग्नल जवळपास नाहीच.

३. ट्रेनबोलोनचे आल्फा आणि बीटा एकाच पीकमध्ये, मागे खांदा धरून येतात.

४. टेस्टोस्टेरॉन आणि प्रोजेस्टेरॉनसाठी कोरा ब्लँक मिळतच नाही. कॅलिब्रेशन कशावर करायचं?

पहिला प्रश्न सगळ्यांत तातडीचा आहे. अहवाल थांबवून ठेवला आहे.

---

जडपाणी

अहवाल थांबवलात हे फार बरं केलंत. झेरॅनॉल एकटं बघून कधीही पॉझिटिव्ह म्हणू नये. या रेणूची भावंडं बुरशीतून येतात.

मका, गहू, बार्ली यांवर वाढणारी फ्युझेरियम बुरशी झेरॅलेनोन तयार करते. जनावराने असा चारा खाल्ला की रवंथाच्या पोटात आणि यकृतात त्याचं आल्फा- आणि बीटा-झेरॅलेनॉल होतं. त्यातला अगदी थोडा भाग पुढे झेरॅनॉल आणि टॅलेरॅनॉलपर्यंतही जातो. म्हणजे जनावराला इम्प्लांट (कातडीखाली ठेवायची हार्मोनची गोळी) न देताही खरंखुरं झेरॅनॉल सापडू शकतं. म्हणून सहाही संयुगं एकाच रनमध्ये मोजायची: झेरॅलेनोन, आल्फा-झेरॅलेनॉल, बीटा-झेरॅलेनॉल, झेरॅनॉल, टॅलेरॅनॉल आणि झेरॅलॅनोन. इम्प्लांट दिलेल्या जनावरात झेरॅनॉल, टॅलेरॅनॉल आणि झेरॅलॅनोन मिळतात, बुरशीची बाजू जवळजवळ रिकामी असते. बुरशीच्या चाऱ्यात उलट होतं: झेरॅलेनॉलं भरपूर, झेरॅनॉल त्यांच्या तुलनेत नगण्य.

पण तुमच्या बाबतीत त्याआधीची एक शंका फेडायला हवी. झेरॅनॉलचा प्रिकर्सर (तुटण्याआधीचा आयन) ३२१, झेरॅलेनॉलचा ३१९. फरक फक्त दोन हायड्रोजनचा. झेरॅलेनॉलच्या रेणूत १८ कार्बन आणि ५ ऑक्सिजन आहेत. निसर्गात आढळणाऱ्या कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ मुळे त्याच्या मुख्य पीकच्या सुमारे ३ टक्के इतका पीक दोन एककं वर, म्हणजे बरोबर ३२१ वर पडतो. पहिल्या क्वाड्रुपोलला (यंत्राच्या वस्तुमानाने आयन निवडणाऱ्या भागाला) हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. आणि झेरॅलेनॉलही झेरॅनॉलसारखंच कार्बन डायऑक्साइड आणि पाणी गमावतं, म्हणजे तुटून ते तुमच्याच २७७ आणि ३०३ वर उतरतं. नमुन्यात ६-७ मायक्रोग्रॅम आल्फा-झेरॅलेनॉल असेल तर ०.२ मायक्रोग्रॅमचं भासमान झेरॅनॉल आपोआप तयार होतं.

रिटेन्शन टाइम जुळतो म्हणून निश्चिंत होऊ नका. सी-१८ वर क्रम सहसा असा लागतो: टॅलेरॅनॉल, बीटा-झेरॅलेनॉल, झेरॅनॉल, आल्फा-झेरॅलेनॉल, झेरॅलॅनोन, झेरॅलेनोन. झेरॅनॉल आणि आल्फा-झेरॅलेनॉल एकमेकांना खेटून येतात. ८ मिनिटांच्या ग्रेडियंटमध्ये पीक समजा ५ मिनिटांवर आला, तर १ टक्क्याची सूट म्हणजे दोन्ही बाजूंना ३ सेकंद. एवढ्यात दोघंही बसून जातात.

करून बघण्यासारखं:

- ३१९ → २७५ आणि ३१९ → १६० ही झेरॅलेनॉलची ट्रान्झिशन जोडा. झेरॅलॅनोनचं वस्तुमानही ३१९ च आहे, त्यामुळे तिथे तीन पीक अपेक्षित धरा. झेरॅलेनोनसाठी ३१७ → १७५ आणि ३१७ → १३१.
- झेरॅनॉल जिथे बाहेर पडतं तो भाग ताणा. ॲसिटोनायट्राइलचा चढ मिनिटाला २ टक्क्यांच्या आत ठेवा. तरी सुटत नसतील तर फिनाइल-हेक्झाइल किंवा बायफिनाइल कॉलम लावा. दुहेरी बंध असलेल्या रेणूंना तो जास्त धरतो आणि फरक नेमका दुहेरी बंधाचाच आहे.
- शुद्ध आल्फा-झेरॅलेनॉलचं एकट्याचं स्टँडर्ड, समजा १० नॅनोग्रॅम प्रति मि.लि., इंजेक्ट करून ३२१ → २७७ ची खिडकी बघा. तिथे जो पीक दिसेल तो तुमचा आयसोटोपचा वाटा. ही तपासणी पद्धतीच्या व्हॅलिडेशनमध्ये कायमची ठेवा.
- झेरॅलेनॉलच्या स्टँडर्डमध्येच झेरॅनॉलची अशुद्धी असू शकते. ताणलेल्या ग्रेडियंटवर पीक कोणत्या जागी येतो त्यावरून ती आयसोटोपपासून वेगळी कळते.

---

अर्कपात्र

झेरॅनॉलबद्दल वरचं सगळं बरोबर आहे. मी इस्ट्राडायॉल आणि यकृताची सफाई यांवर लिहितो.

पहिला अडथळा तुमचं फॉर्मिक ॲसिड. इस्ट्राडायॉल हे दुबळं फिनॉल आहे, पीकेए १० च्या वर. निगेटिव्ह मोडमध्ये त्याचा प्रोटॉन काढायचा आणि त्याच वेळी द्रावणात ॲसिड ओतायचं, हे जुळणारं नाही. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रन वेगळे करा. निगेटिव्हसाठी पाण्यात ०.२ मिलिमोलर अमोनियम फ्लोराइड, दुसरीकडे मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल. इस्ट्रोजेनांचा सिग्नल यात स्पष्टपणे चढतो. हे द्रावण काचेच्या बाटलीत न ठेवता एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, आणि ॲसिडवाल्या लाइनमध्ये चुकूनही मिसळू देऊ नका. रन संपल्यावर कॉलम मिथेनॉल-पाण्याने धुवा. ट्रान्झिशन २७१ → १४५ आणि २७१ → १८३.

दुसरा रस्ता डॅन्सिल क्लोराइडचा. कोरड्या अर्कावर ५० मायक्रोलिटर सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर (१०० मिलिमोलर, पीएच १०.५) आणि ५० मायक्रोलिटर डॅन्सिल क्लोराइड (ॲसिटोनमध्ये १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.), ६० अंशांवर ५ ते १० मिनिटं, मग थंड करून इंजेक्शन. पॉझिटिव्ह मोडमध्ये ५०६ → १७१ असा दणदणीत सिग्नल मिळतो. यात दोन गोष्टी बिघडतात. अर्कात ॲसिडचा अंश राहिला तर पीएच खाली येतो आणि अभिक्रिया अर्धवट राहते. म्हणून बफर टाकल्यावर एकदा पट्टीवर पीएच बघा. दुसरी जास्त महत्त्वाची: १७१ आणि १५६ हे दोन्ही तुकडे डॅन्सिलच्या शेपटीचे आहेत, इस्ट्राडायॉलचे नाहीत. त्याच वस्तुमानाचं कुठलंही फिनॉल डॅन्सिल लावल्यावर हेच तुकडे देईल. त्यामुळे ही पद्धत चाळणीसाठी आणि मोजणीसाठी उत्तम, पण ओळख पटवण्यासाठी लंगडी. खात्री करायला मूळ रेणूवर फ्लोराइडवाला रन किंवा जीसी-एमएस/एमएस हवा.

आणि १ मायक्रोग्रॅम ही पातळीच इस्ट्राडायॉलला लागू नाही. स्नायूत ते किलोला काही नॅनोग्रॅम ते काही दहा नॅनोग्रॅम इतकंच असतं. स्पाइक १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति किलोच्या भागात ठेवा, नाहीतर पद्धत कागदावर पास होईल आणि खऱ्या नमुन्यात काहीच दाखवणार नाही. १७-आल्फा-इस्ट्राडायॉलही वेगळं निघालंच पाहिजे; गुरांमध्ये बीटाचं रूपांतर बहुतांश त्यातच होतं.

इंटर्नल स्टँडर्ड कोणतं आहे ते लेबलवर वाचा. ड्युटेरियम २ आणि ४ या जागांवर असेल तर ॲसिडमध्ये ते हायड्रोजनशी अदलाबदल करू शकतं. १६,१६,१७ जागांवरचं किंवा कार्बन-१३ वालं घ्या.

यकृताबद्दल: इथरमध्ये फॉस्फोलिपिड भरपूर उतरतात आणि आयनीभवन दाबतात. तुमचं इंटर्नल स्टँडर्डही खाली जातंय, ते ॲसिड आणि हा दाब अशा दोन्हींमुळे. १८४ → १८४ हे ट्रान्झिशन पॉझिटिव्हमध्ये चालू ठेवा, फॉस्फोलिपिड कुठे बाहेर पडतात ते नकाशासारखं दिसेल. हायड्रोलिसिसनंतर इथरऐवजी ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिनं पाडा, उणे २० अंशांवर तासभर ठेवा आणि थंड असतानाच सेंट्रिफ्यूज करा. बरीच चरबी तळाशी बसते. मग अर्क पाण्याने विरळ करून एचएलबी कार्ट्रिजवर घ्या, आणि त्यानंतर छोटं सिलिका किंवा अमिनो कार्ट्रिज. एकट्या सी-१८ वर यकृत साफ होत नाही.

हेक्झेनच्या टप्प्यावर मेलेंजेस्ट्रॉल ॲसिटेटकडे लक्ष ठेवा, ते बरंच चरबीप्रिय आहे. टाकून द्यायचा हेक्झेन एकदा सुकवून इंजेक्ट केला की किती जातंय ते लगेच कळतं.

नायट्रोजनखाली कोरडं झाल्यावर नळी तशीच ठेवू नका. स्टिरॉइड काचेला चिकटतात. आधी १०० मायक्रोलिटर मिथेनॉल, ३० सेकंद व्होर्टेक्स, मग पाणी. थेट १:१ मिश्रण टाकलं की रिकव्हरी नळीगणिक बदलते.

---

परीक्षानळी

दोघांचेही मनापासून आभार. ग्रेडियंट ताणून ठेवलेले अर्क पुन्हा चालवले. बीटा-झेरॅलेनॉल मोठं आहे, आल्फा-झेरॅलेनॉल अंदाजे ६.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो. झेरॅलेनोन थोडं. टॅलेरॅनॉल आणि झेरॅलॅनोन नाहीत. ३२१ → २७७ चा पीक झेरॅनॉलच्या स्टँडर्डच्या जागेवरून सरकून बरोबर आल्फा-झेरॅलेनॉलखाली आला. बीटा-झेरॅलेनॉलच्या जागीही ३२१ वर तसाच एक पीक आहे.

आता अहवालात काय लिहायचं? आणि गोगलगायीचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉन वाढवतं असं वाचलं, ते खरं का?

---

तिसरा आयन

पीक आल्फा-झेरॅलेनॉलखाली सरकला, बीटाच्या खालीही ३२१ वर तसाच पीक आहे, आणि ६.५ चे ३ टक्के म्हणजे ०.२. तीनही गोष्टी एकच सांगतात. झेरॅनॉल "आढळले नाही" असं लिहा आणि सोबत तुमचं सीसी-आल्फा (ज्या पातळीच्या वर नमुना नियमबाह्य धरतात ती निर्णयमर्यादा) द्या. झेरॅलेनोन गटाचे आकडे स्वतंत्र नोंदवा, कारण चारा बुरशीचा आहे ही माहिती जनावरं पाळणाऱ्यासाठी महत्त्वाची आहे. जुन्या रनचा क्रोमॅटोग्रॅम आणि नव्या रनचा, दोन्ही फाइलमध्ये ठेवा. उद्या कुणी विचारलं तर निर्णय का बदलला हे त्यावरूनच दाखवता येईल.

समजा खरंच झेरॅनॉल निघालं असतं, तर निकाल कोणत्या नियमाखाली द्यायचा हे आधी ठरवावं लागलं असतं. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या) मर्यादा गुरांसाठी अशा आहेत: झेरॅनॉल स्नायूत २ आणि यकृतात १० मायक्रोग्रॅम प्रति किलो. ट्रेनबोलोन स्नायूत बीटा रूपात २, यकृतात आल्फा रूपात १०. मेलेंजेस्ट्रॉल ॲसिटेट स्नायूत १, यकृतात १०, मूत्रपिंडात २, चरबीत १८. युरोपीय संघात वाढीसाठी या हार्मोनांचा वापरच बंद आहे, तिथे मर्यादेचा प्रश्न येत नाही, ओळख पटली की विषय संपला. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन ठिकाणी दोन निकाल होतात. नियम नमुना स्वीकारताना फॉर्मवर लिहून घ्या.

ओळख पटवण्याचे निकष २०२१/८०८ या युरोपीय नियमात आहेत. बंदी असलेल्या पदार्थाला ५ ओळखगुण लागतात: क्रोमॅटोग्राफीने वेगळं केल्याचा १, प्रिकर्सरचा १, प्रत्येक प्रॉडक्ट आयनला १.५. दोन ट्रान्झिशन घेतली की ५ पुरे होतात. एलसीमध्ये रिटेन्शन टाइम १ टक्क्याच्या आत, आयनांचं गुणोत्तर ४० टक्क्यांच्या आत. ही सूट सैल आहे. तुमच्या भासमान झेरॅनॉलने यातले बरेचसे निकष पार केले होते, हे ध्यानात घ्या. निकष पूर्ण झाले म्हणून विचार थांबवायचा नसतो. शंकेच्या नमुन्यात तिसरं ट्रान्झिशन (३२१ → २५९) चालवा.

एन्झाइमबद्दल: हो, खरं आहे. हेलिक्स पोमॅशियाच्या रसात ग्लुक्युरोनिडेज आणि सल्फेटेज असतातच, पण सोबत स्टिरॉइडचं ऑक्सिडेशन करणारी क्रियाही असते. प्रेग्नेनोलोनचं प्रोजेस्टेरॉन, अँड्रोस्टीनडायॉलचं टेस्टोस्टेरॉन होऊ शकतं. रात्रभर ठेवल्याने ते वाढतं. नैसर्गिक हार्मोनांसाठी ई. कोलायचं ग्लुक्युरोनिडेज वापरा, पीएच ६.५ च्या आसपास. त्यात सल्फेटेज नाही, म्हणून सल्फेट रूपं सुटतात हे स्वीकारावं लागेल. प्रत्येक बॅचमध्ये एन्झाइम ब्लँक ठेवा, आणि एकदा प्रेग्नेनोलोन स्पाइक करून प्रोजेस्टेरॉन किती बनतं ते मोजा. हायड्रोलिसिस झालं की नाही हे कळायला टेस्टोस्टेरॉन ग्लुक्युरोनाइडचा एक स्पाइकही हवा. मोकळ्या हार्मोनचा स्पाइक या टप्प्याबद्दल काहीच सांगत नाही. एन्झाइम मेलेलं असलं तरी त्याची रिकव्हरी शंभराच्या जवळ येते.

ट्रेनबोलोनचा खांदा: आल्फा आणि बीटाची ट्रान्झिशन (२७१ → १९९, २७१ → २५३) एकच आहेत, त्यामुळे कॉलमवरच वेगळे करायला हवेत. तळापर्यंत सुटले नाहीत तर यकृतातलं आल्फा बीटाच्या खात्यात जाईल आणि मर्यादेशी केलेली तुलना चुकेल. मिथेनॉलऐवजी ॲसिटोनायट्राइल, कॉलम १५० मि.मी. आणि तापमान ३० अंशांपर्यंत खाली आणून बघा. ट्रेनबोलोनला प्रकाश सोसत नाही. स्टँडर्ड गडद तपकिरी काचेत, नळ्यांना फॉइल. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल द्रावणात सिस आणि ट्रान्स असे दोन पीक देतं. दोन्हींची बेरीज घ्या, नाहीतर तुमची संख्या स्टँडर्डच्या वयाप्रमाणे हलत राहील.

आता टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन. कोरा ब्लँक शोधू नका, तो नसतो. नमुना चार भागांत घ्या, तिघांत वाढत्या मात्रेत स्टँडर्ड घाला आणि रेषा मागे नेऊन मूळ प्रमाण काढा. नमुने जास्त असतील तर कार्बन-१३ लावलेल्या हार्मोनवर कॅलिब्रेशन आणि ड्युटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड, असं करता येतं.

पण मोजून झाल्यावरही प्रश्न उरतोच: हे जनावराचं स्वतःचं की दिलेलं? वळूत टेस्टोस्टेरॉन आणि गाभण गाईत प्रोजेस्टेरॉन मुळातच जास्त असतं. लिंग, वय, गाभण आहे का, ही माहिती नमुन्यासोबत आली नाही तर नुसत्या आकड्यावरून काहीही म्हणू नये.

---

जडपाणी

त्या शेवटच्या प्रश्नाला दोनच भक्कम उत्तरं आहेत आणि दोन्ही मांसातून मिळत नाहीत.

एक, केस. टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनने देतात ते एस्टर रूपात: प्रोपिओनेट, डेकॅनोएट वगैरे. जनावराचं शरीर हे एस्टर बनवत नाही. केसात अखंड एस्टर सापडला की दिल्याचा पुरावा मिळाला. केस दळताना गरम होऊ देऊ नका आणि अर्क काढताना अल्कली टाळा, एस्टर तुटतो. एस्टर न सापडण्याला मात्र अर्थ नाही. एस्टर केसात पोचायला वेळ लागतो.

दोन, लघवीवर कार्बन आयसोटोप गुणोत्तर, जीसी-सी-आयआरएमएसने (संयुगं वेगळी करून, जाळून त्यांच्या कार्बनचे आयसोटोप मोजणाऱ्या यंत्राने). बाजारातला कृत्रिम टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनतो, त्यात कार्बन-१३ कमी. मका खाणाऱ्या जनावराच्या स्वतःच्या स्टिरॉइडमध्ये तो जास्त. टेस्टोस्टेरॉनचे मेटाबोलाइट आणि त्याच जनावरातलं औषधाने न बदलणारं स्टिरॉइड यांची तुलना करतात. जनावर फक्त गव्हासारख्या वनस्पतींवर असेल तर दोन्ही आकडे जवळ येतात आणि फरक दिसेनासा होतो, म्हणून खाद्याची नोंद इथेही लागते. शिवाय एका मोजणीला शुद्ध स्टिरॉइड दहा-वीस नॅनोग्रॅम तरी लागतं. ५ ग्रॅम स्नायूतून ते मिळत नाही.

लघवी घ्याल तेव्हा ती शेणात मिसळलेली नको. शेणातले जिवाणू वनस्पती-स्टेरॉलपासून बोल्डेनोनची रूपं बनवतात, आणि मग एका खोट्या पॉझिटिव्हच्या जागी दुसरं येऊन बसतं. नमुना मध्य धारेतला, लगेच बर्फात, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उणे २० अंश.